रिलीव्हर आल्याशिवाय

आयतवारी दुपारी आपण दोघांनी खाटेची नेवार कसली. तुहं-माहं सोबतीचं शेवटचं काम तेच. अंगणात ऊन होतं. मी खाटेच्या दांडीले पाय लावून पट्टी ओढू, अन् तू ती दोन्ही हातांनी दाबून धरायची.

"दाबून धर व मास्तरीण, सुटून राहिली."

"धरली आहे. तुम्ही नुसते ओढा, बोलू नका."

पण बोलल्याशिवाय माह्यानं ओढणं होत नाही. दरवाज्याजवळ चौथी ब च्या वह्यांचा गठ्ठा पडला होता. तो पाहून माही खोपडी सरकली. म्हटलं, आयतवार असून हे ओझं घरी कावून आणलं? दुसरे मास्तर बजारात फिरून राहिले असतीन, झोपले असतीन. तू म्हणाली, "भागाकारात पोट्टे शून्य गाळून राहिले. आज पाहिलं नाही तं उद्या कोणाले काय सांगू?" मंग मी ते म्हटलं, जे बावीस वर्षांपासून म्हणत आलो. "तू एक दिवस घरी राहून पाह्य. फक्त एक दिवस. तुह्या वर्गात कोणी मास्तर पाय ठेवन, तं मले सांग."

तू म्हणाली, "पाहू."

अर्धी खाट कसून झाली. ऊन गेलं. "बाकीची उद्या," म्हणून तू हात झटकले अन् वह्या घेऊन बसली. सोमवारी सकाळी चहा ठेवता ठेवता तू खाली बसली, ते उठलीच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सारं संपलं होतं. ते मी इथं लिहीत नाही. कोणाले पाहिजे असन तं डॉक्टरले विचारा.

ह्या हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्याईनं निरोप धाडला, "भाऊ, बाईंबद्दल दोन पानं द्या. मनमिळाऊ होत्या, सेवाभावी होत्या, असं काहीतरी." म्हणजे काय लिहायचं ते तुम्हीच ठरवलं, मंग माह्याकडं कशाले आले? मी चौथी पास माणूस. तू संध्याकाळी बसवून लिहायले लावलं म्हणून हे अक्षर तरी आहे. तू लाल पेनानं माह्या चुका काढायची अन् मी चिडू. आता काढ म्हणा. 'मनमिळाऊ' लिहिणार नाही मी. तू मनमिळाऊ नव्हती. तू हट्टी होती, अन् ज्या लोकाईपाशी तू तो हट्ट धरला, ते लोकं त्या लायकीचे नव्हते. माहं हेच म्हणणं होतं, अन् तू गेली म्हणून ते मी वापस घेत नाही.

तू पहिल्यांदा शाळेत लागली तेव्हा स्टाफरूममधी तुह्यासाठी एक कप निराळा ठेवला होता. कान तुटलेला. बाकीच्याईचे कप फुलाफुलाचे, अन् तुहा खिडकीत, खडूच्या डब्याजवळ. दोन वर्षं तू मले हे सांगितलं नाही. एकदा मी तुहा विसरलेला डबा द्यायले आलो अन् डोळ्यानं पाहिलं. आपण विहारात जाणारे लोकं, म्हणून कप खिडकीत. अन् ठेवणारे कोण? बीएड, एमए. भिंतीवर 'मानव-मानव एक समान' लिहिलेला तक्ता, अन् त्याच्या खालीच तुहा कप. माहा हात तं असा शिवशिवला! म्हटलं, साऱ्याच कपाईचे कान फोडून येतो.

तू म्हणाली, "फोडू नका. मी पाहते."

पुढच्या महिन्यात तू बजारातून बारा स्टीलचे गिलास आणले. सारे एकसारखे. दुकानदार विचारते, "नाव क्या डालूँ बहनजी?" तू म्हणाली, "कुछ मत डालो." आपल्यात चमच्यावरही नाव टाकून घेतात, अन् तू बारा गिलास कोरे आणले. शाळेत नेऊन धुतले अन् ताटात उपडे ठेवले. कोणता कोणाचा, कोणालेच कळू नये. फुलाचे कप घेऊन दोघी-तिघी महिनाभर पीत राहिल्या. मंग गिलासात चहा गरम राहते म्हणून त्याही गिलासावर आल्या. चहाच्या लालचेनं सुधारले, अकलेनं नाही. हे मी तुले तेव्हाही म्हटलं होतं. तू म्हणाली, "कशानंही सुधारू द्या ना!"

आता रिलीव्हरचं सांगतो, कारण झगडा तोच आहे.

मी पोलादाच्या कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर होतो. तिथं एक कायदा होता, पुस्तकातला नाही, आमचा. शिफ्टचा भोंगा झाला म्हणून भट्टी सोडायची नाही. आपल्या जाग्यावर येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर आला पाहिजे. त्याले तोंडानं सांगायचं, कोणतं दार गळून राहिलं, कोणत्या भट्टीची आच कमी आहे, कुठं पाय जपून ठेवायचा. तो शेवटी विचारे, "और कुछ?" आपण म्हणायचं, "और कुछ नहीं." मंग जागा सोडायची. एकदा माहा रिलीव्हर आलाच नाही. मी दोन शिफ्टा करून घरी आलो अन् तू भांडायले उभी. मी सांगितलं, न सांगता निघून गेलो असतो अन् कोणी जळालं असतं तं? तू ताट घेतलं. जेवण वाढून झालं अन् म्हणाली, "अवो, तुमच्या भट्टीले सांगणारं कोणी असते. माह्या पोट्ट्याईले कावून नाही?"

तिथून तुहा तो धंदा सुरू झाला. शाळेत घंटा झाली का एक मास्तर वर्गातून निघे, दुसरा स्टाफरूममधून निघायचा असे. पण कुठचा निघते! मधात दहा मिनिटं गिलास, गप्पा, स्वेटरचे टाके. पन्नास पोट्टे मोकळे. कोणाचं डोकं फुटे, कोणाची पाटी. तू काय केलं, घंटा झाली तरी वर्गाच्या दारात उभी राहिली. पुढची मास्तरीण आली का दोन वाक्यं सांगायची. आज अमक्याचं पोट दुखून राहिलं, अन् तिसरं गणित कोणालेच समजलं नाही. एवढंच. मंग जायचं.

तुह्या मागून चौथी ब मधी येत होत्या मुळे मॅडम. नागपूरच्या, मराठी, सोन्याचा चष्मा. त्याईले वाटलं तू त्याईचा उशीर मोजून राहिली. भर स्टाफरूममधी तुले म्हणाल्या, "मला शिकवू नका हो. तुम्ही बडे सरांच्या सीआयडी आहात का?" बडे सर म्हणजे तुमचे हेडमास्तर. सारे हसले. त्या दिवसापासून तुहं नाव पडलं, 'भट्टीवाली मैडम'. कोणी म्हणे, "अरे मैडम, ये स्कूल है, कोक ओवन नहीं!" हे घरी येऊन तूच हसून सांगितलं. मले हसू आलं नाही. म्हटलं, माह्या कामाची त्या लोकाईसमोर थट्टा नको. माही भट्टी तिथं काढू नको.

तू म्हणाली, "तुमच्या घरची रीत आहे, तं मी दुसऱ्याच्या घरची कशी सांगू?"

मी रागानं उठून गेलो. खरं सांगू? मले बरं वाटलं होतं. मॅट्रिक होऊन ट्रेनिंग केलेली माही बायको शिकलेल्या लोकाईत बसून माह्या भट्टीचा कायदा सांगते, हे मले लय बरं वाटलं होतं. तेव्हा तोंडातून निघालं नाही. बाहेर जाऊन उगाच सायकलची चेन काढली अन् परत बसवली.

मुळे मॅडम एका पोट्ट्याले रोज मारे. फळ्यावरचं उतरवत नाही, आळशी आहे म्हणून. तू दारात सांगितलं, "त्याले फळा दिसत नाही. पुढं बसवून पाहा." मुळे मॅडमनं तोंड वाकडं केलं. पण बसवलं असन, कारण पोट्टा लिहायले लागला अन् त्याच्या बापानं चष्मा केला. आभार? छ्या! मुळे मॅडम अन् आभार! दोन दिवसांनी घंटा झाल्यावर त्या पाचवी अ च्या दारात उभ्या दिसल्या, दुसरं कोणी येईपर्यंत. तू घरी अशी आली जशी काही मोठी बढती भेटली. मी म्हटलं, एक बाई पाच मिनिटं दारात उभी राहिली, त्याचा एवढा उत्सव? तू त्या दिवशी शिरा केला. मी दोनदा घेतला अन् बोलणंही थांबवलं नाही.

मंग हळूहळू पीटीवाले सर उभे राहायले लागले, मंग दुसरे एक-दोन. सारे कधीच नाही. अर्धे म्हण. तुले अर्धे म्हणजे लय वाटे. मले अर्धे म्हणजे अर्धे.

तेवढ्यात वरच्या लोकाईले सहकार्याची आठवण झाली. भोपाळहून एक साहेब आला. दिवसभराचा सेमिनार, विषय 'विद्यालय में सहयोग की भावना'. तू मले सारं सांगितलं होतं. पंख्याखालच्या खुर्चीसाठी दोन मास्तर आपसात बोलेनासे झाले. समोसे मोजून आणले होते, अन् चपराशाले कमी पडले. तू आपला अर्धा त्याले दिला. सेमिनार झाल्यावर 'हम सब एक परिवार हैं' असा तक्ता करायचा ठरला, अन् तो कोणाच्या अक्षरात लिहायचा यावरून आठ दिवस झगडा. तुमचा परिवार असा! आमच्या भट्टीवर छत्तीसगढी होते, बिहारी होते, मद्रासी होते. एकमेकाची भाषा धड येत नव्हती, शिव्या मात्र साऱ्याच भाषेतल्या येत होत्या. परिवार कोणी म्हटलं नाही. पण कोणी कोणाले न सांगता गेलंही नाही.

त्या सेमिनारातून बडे सरले एक अक्कल सुचली. तुहं दारात उभं राहणं त्याईनं कागदावर आणलं. लांबलचक रजिस्टर, वर लिहिलं 'कक्षा हस्तांतरण पंजी'. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. तिसऱ्याच दिवशी साऱ्याईनं सकाळीच दिवसभराच्या सह्या ठोकून ठेवायले सुरुवात केली. दारात कोणी नाही, तोंडानं बोलणं नाही, अन् रजिस्टर फुल्ल. जे अर्धे उभे राहत होते, तेही बसले. म्हणे, सही तो कर दी ना मैडम!

तू आठ दिवस जेवली नाही धड. मंग एक दिवस रजिस्टर हरवलं. बडे सरनं साऱ्याईले विचारलं, कपाटं काढली. तू सरळ तोंडानं म्हणाली, "पता नहीं सर." जन्मात एकदाच खोटं बोलली, तेही हेडमास्तरसमोर. नवीन रजिस्टर मागवायले अर्ज करावा लागे, अन् अर्ज करायचा आळस. मामला संपला. अन् दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एक-एक जण दारात दिसायले लागला.

काल तुही पेटी उघडली. साड्याईच्या खाली ते रजिस्टर निघालं; तूच दाबलं हे मले ठाऊक होतं, कुठं ते नव्हतं. पुढच्या पानाईवर नुसत्या सह्या, मागचं सारं कोरं. हे मी त्याच कोऱ्या पानाईवर लिहून राहिलो. बडे सर हा अंक वाचतीन तं वाचू दे.

तू कधी सुट्टी घेतली नाही, हाच माहा खरा राग होता. ताप असला तरी जायची. पोराच्या लग्नातही तिसऱ्या दिवशी शाळेत. मी म्हणू, तू घाबरते. एक दिवस घरी राहिली तं दिसन ना, का तुह्या वर्गात कोणी येत नाही, अन् बावीस वर्षं पाण्यात गेली. तू फक्त 'पाहू' म्हणायची. मले ठाऊक होतं, तुलेही थोडी भीती होती. ते तुले कधी विचारलं नाही. विचारायले पाहिजे होतं.

सोमवारी शाळेनं तुह्या नावानं सुट्टी दिली. दोन मिनिटं मौन अन् पोट्टे घरी. तुले मेल्याची सुट्टी कधीच पटली नाही. तू म्हणायची, मरणाऱ्यानं काय पोट्ट्याईचं नुकसान करून जायचं? पण दिली. अर्धा स्टाफ मसणात आला, अर्धा कुठं गेला ते मले सांगू नका. बडे सर खिशातून कागद काढून बोलले. "हमारा स्कूल एक परिवार है, और आज परिवार का स्तंभ ढह गया." अन् मंग म्हणतात, "स्वर्गीय मैडम की सबसे बड़ी देन, हस्तांतरण पंजी!" जे रजिस्टर तू साड्याईत दाबून मारलं, तेच तुह्या नावावर चढवलं! माह्या शेजारी पोरगा रडून राहिला होता, अन् मले, काय सांगू तुले, मले हसू फुटलं. लोकाईले वाटलं म्हातारा सटकला.

मुळे मॅडम निंबाखाली निराळ्याच उभ्या होत्या. रडणं नाही, पुढं येणं नाही, नुसतं हातातली घडी पाहणं. वंदना झाली, भंतेजी बाजूले झाले, अन् त्या माह्याजवळ आल्या. मले वाटलं काही बरं बोलतीन. म्हणतात, "भाऊ, चौथी ब च्या वह्या घरीच आहेत का?"

मी म्हटलं, "मॅडम, आधी मढं तं जळू द्या. मंग वह्या मागा."

त्याईचा चेहरा पडला. रिक्षात बसून गेल्या. मी पोराले म्हटलं, पाह्यलं? ह्या बाईसाठी तुह्या मायनं शिरा केला होता.

मंगळवारी सकाळी मी उठलो. पोरगा झोपला होता, पाहुणे झोपले होते. वह्या जिथल्या तिथंच होत्या. बावीस तपासलेल्या, वर लाल पेन, अन् खाली तुही डायरी. मी त्या पिशवीत घातल्या, सायकलले अडकवल्या. सून म्हणाली, "बाबा, आज कुठे चालले? लोक काय म्हणतील?" म्हटलं, "झगडा संपवायले."

खोटं नाही लिहीत, मी जिंकायले गेलो होतो. पहिली घंटा झाली. चौथी ब मधी कोणीच नव्हतं. पोट्टे बेंचावर उभे, आरडाओरडा. मी दारात जाऊन उभा राहिलो अन् सारे चूप झाले. मले ओळखतात ते. पहिल्या बेंचावरची एक पोट्टी म्हणाली, "अंकल, पहले गणित होता है." म्हटलं, "हाव बेटा. बैठो."

अन् उभा राहिलो. तुह्या जाग्यावर, एक हात चौकटीले. समोर फळ्यावर शनिवारचं तुहं अक्षर होतं, कोणी पुसलं नव्हतं. मी मनात म्हणून राहिलो, पाह्यलं मास्तरीण? एक मिनिट झालं. दोन झाले. बाजूच्या वर्गात मास्तर शिकवून राहिला, पण इकडं कोणी डोकावत नाही. मी म्हटलं नव्हतं? पाच मिनिटं. मले वाटलं होतं जिंकून छाती फुगन. पण मी वळून वळून बाहेर पाहायले लागलो. मी पहिल्यांदा असं मागितलं, का मी हरलो पाहिजे.

वरांड्यातून चपलांचा आवाज आला. मुळे मॅडम. पदर खोचलेला, धापा टाकत. दुसऱ्या टोकाले त्याईचा सहावीचा वर्ग होता. त्या पोट्ट्याईले काम लावून, मॉनिटरले उभं करून आल्या होत्या. दारात थांबल्या. नमस्कार नाही, कालचं काही नाही. चष्मा नीट केला अन् म्हणाल्या, "कुठपर्यंत झालंय?"

मी डायरी उघडली. तुहं अक्षर वाचायले मले वेळ लागते. त्या थांबल्या. मी सांगितलं, "भागाकार सुरू आहे. शून्य गाळून राहिले. बावीस वह्या पाहिल्या, वीस राहिल्या. खिडकीजवळच्या पोरीले उजव्या कानानं ऐकू कमी येते, तिच्या डाव्या बाजूनं बोलायचं."

"बरं," त्या म्हणाल्या. पिशवी माह्या हातातून घेतली. लाल पेन वर होता, तो काढून हातात धरला. वर्गाकडं पाहिलं, मंग माह्याकडं.

"आणखी काही?"

लय होतं, मास्तरीण. गिलास होते, रजिस्टर होतं, अर्धी खाट होती.

"नाही," मी म्हटलं. "आणखी काही नाही."

सात मिनिटं लेट आली ती बाई. ते मी लिहून ठेवतो. मंग मी जागा सोडली.